मध्ययुगीन युरोपातली चरबी: कढवायची कशी, वापरायची कुठे

चरबी म्हटलं की आपल्याला मटणाच्या रश्श्यावरचा तवंग आठवतो, नाहीतर डॉक्टरांनी पेनाने गोल केलेला रिपोर्टमधला आकडा. मध्ययुगात इंग्लंड, उत्तर फ्रान्स, जर्मनी या पट्ट्यातल्या घरात मात्र चरबी म्हणजे रात्रीचा उजेड, कपड्यांचा साबण, बुटांचं आयुष्य आणि गाडीचं वंगण. तिथल्या थंडीत ऑलिव्ह तग धरत नाही. त्याचं तेल दक्षिणेतून यायचं आणि महाग पडायचं. अक्रोड, जवस, खसखस यांचं तेल निघायचं, पण सगळ्या घराला पुरेल इतकं नाही. दारात जनावर होतं, म्हणून भिस्त त्याच्या चरबीवर.

इथे कृती आणि इतिहास एकत्र सांगितला आहे. शाळेतल्या प्रकल्पासाठी, प्रदर्शनातल्या प्रात्यक्षिकासाठी किंवा नुसत्या हौसेपोटी कुणाला यातलं काही करून पाहायचं असेल, तर पायऱ्या पाळून करता येईल.

आधी चरबी ओळखा

सगळा खेळ कडकपणाचा आहे. चरबी थंड झाल्यावर किती घट्ट बसते, यावर तिचं काम ठरायचं.

सर्वांत कडक चरबी बैल-गाय आणि मेंढी यांच्या गुर्द्यांभोवती सापडते. ती कढवून थंड केली की ठिसूळ, पांढरी वडी होते आणि साधारण ४० ते ५० अंश सेल्सिअसला वितळते. हिच्या मेणबत्त्या व्हायच्या. डुकराची चरबी मऊ, बोटाने उचलता येण्याजोगी, म्हणून ती स्वयंपाकाला आणि मलमाला. हंसाची त्याहून मऊ, जवळजवळ ओघळणारी, म्हणून छातीला चोळायला. एकाच जनावरातही फरक असतो. पोटातली चरबी कडक, कातडीखालची मऊ, आणि खुरांजवळची तर थंडीतही तेलासारखी पातळ राहते. बर्फात उभ्या राहणाऱ्या पायातली चरबी गोठून चालणार नाही, हे त्यामागचं शरीरशास्त्र. बैलाचे पाय उकळून वर येणारं ते तेल चामड्याच्या कामात वापरलं जायचं.

या हिशोबाकडे दुर्लक्ष केलं तर डुकराच्या चरबीची मेणबत्ती करायला जाल आणि ती उन्हाळ्याच्या दुपारी वाकून पडेल.

हंगाम

चरबीचं वर्ष नोव्हेंबरात सुरू व्हायचं. ११ नोव्हेंबर हा संत मार्टिनचा दिवस, आणि त्याच्या आगेमागे हिवाळ्यासाठीची कत्तल. त्या काळातल्या सचित्र प्रार्थनापुस्तकांमध्ये बारा महिन्यांची कामं रंगवलेली असतात. त्यांत नोव्हेंबरचं चित्र बहुतेक वेळा ओकची फळं झोडपून डुकरांना चारणाऱ्या गुराख्याचं असतं आणि डिसेंबरचं डुक्कर मारण्याचं. सगळीच जनावरं कापली जायची, असं जे सांगितलं जातं ते अतिरंजित आहे. नांगराचे बैल आणि दुभत्या गायी कोण मारेल? पण ओकच्या फळांवर पोसलेली डुकरं आणि म्हातारी जनावरं या दिवसांत जायची. थंडीमुळे मांस टिकायचं आणि चरबीही नासायच्या आत कढवून व्हायची.

राजेलोकांनाही यात रस होता. इ. स. ८००च्या सुमारास फ्रँक राजा शार्लमेनच्या जमीनजुमल्याच्या कारभारासाठी एक लांबलचक हुकूम निघाला. त्यात हाताने तयार होणाऱ्या पदार्थांच्या यादीत चरबी, खारवलेलं मांस, मेण वगैरे येतं आणि हे सगळं अत्यंत स्वच्छतेने केलं जावं अशी ताकीद आहे. बायकांच्या विणकामाच्या कारखान्यांना लोकर, रंग, फण्या यांच्यासोबत साबण आणि चरबी पुरवावी, असंही त्यात म्हटलं आहे.

चरबी कढवणं

पुढच्या प्रत्येक कामाचा पाया हाच, त्यामुळे इथे घाई करू नका.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हणून आपल्याकडे बोकडाची किंवा मेंढीची चरबी घ्यायची. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा: गुर्द्याभोवतीचीच हवी, अंगावरची नको. एक किलो घेतलीत तर हाती पाऊण किलोच्या आसपास लागेल.

१. चरबीवरचा पातळ पापुद्रा, रक्ताचे डाग आणि मांसाचे तुकडे काढून टाका. वास येतो तो मुख्यतः यांचा. थंडगार चरबी लवकर चिरली जाते, म्हणून तासभर फ्रीजमध्ये ठेवा.

२. अगदी बारीक चिरा. खाटकाकडून खिमा करून आणलात तर उत्तम.

३. जाड बुडाच्या पातेल्यात घालून चरबी बुडेल इतकं पाणी आणि मूठभर जाडं मीठ घाला. पाण्यामुळे चरबी करपत नाही, आणि घाण पाण्यात उतरते.

४. मंद आचेवर दोन-तीन तास ठेवा. बुडबुडे हळू यावेत, खळखळून उकळी नको. मध्येमध्ये ढवळा आणि वरचा फेस काढत राहा.

५. जाड सुती फडक्यातून गाळा. फडक्यात राहिलेला चोथा पिळून घ्या.

६. भांडं रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वर घट्ट वडी आणि खाली गढूळ पाणी दिसेल. वडी उचला, तिच्या तळाला चिकटलेला करडा थर सुरीने खरवडून काढा.

७. नवं पाणी आणि मीठ घालून पुन्हा हेच करा. दुसऱ्या खेपेला वास निम्म्याने उतरतो. तिसरी खेप मेणबत्तीसाठी करावी, साबणासाठी गरज नाही.

८. शेवटी पाण्याशिवाय, अगदी मंद आचेवर वितळवून उरलंसुरलं पाणी उडवा. तडतड थांबली की झालं. पाण्याचा अंश राहिला तर चरबी खवट होते आणि वात फडफडते.

तूप कढवल्यावर खाली बेरी राहते तसा इथे फडक्यात चोथा राहतो. तो कुत्र्यांना घालायची युरोपात जुनी पद्धत होती. गरिबाघरी माणसंही खात असणार.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. चरबीने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. झाकण घालून आच बंद करायची. आणि हे काम गच्चीवर किंवा अंगणात करा. घरात केलंत तर पडद्यांना आठवडाभर वास राहील. मध्ययुगीन शहरांतही चरबी वितळवणाऱ्यांच्या वासाबद्दल शेजारी तक्रारी करत, आणि हा धंदा गावाच्या कडेला ढकलण्याकडे कल असे.

उजेड

चरबीवर चालणारा सर्वांत स्वस्त दिवा म्हणजे चरबीत बुडवलेली लव्हाळ्याची काडी. मेणबत्ती विकत घ्यायची ऐपत नसलेल्या खेडुतांनी शतकानुशतकं यावर रात्री काढल्या. नेमकं वर्णन मात्र मध्ययुगानंतरचं आहे. इंग्लंडमधल्या सेलबर्न गावचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट याने १८व्या शतकात ही कृती मोजमापांसह लिहून ठेवली, आणि पद्धतीत तोवर फारसा बदल झालेला नव्हता.

ओलसर जागी वाढणारा, दलदलीतला मऊ लव्हाळा उन्हाळ्यात, पुरता वाढल्यावर कापायचा. तो सुकू द्यायचा नाही, लगेच पाण्यात टाकायचा, नाहीतर साल निघत नाही. मग साल सोलायची, पण सगळी नाही. टोकापासून टोकापर्यंत सालीची एक अरुंद पट्टी ठेवायची. त्या पट्टीवरच आतला मऊ गाभा उभा राहतो. सगळी साल काढली तर काडी मोडते. जास्त ठेवली तर जळत नाही. हे काम म्हाताऱ्या माणसांकडे आणि पोरांकडे असे. आंधळी माणसंही ते बोटांच्या अंदाजाने सफाईने करत, असं व्हाइट सांगतो. सोललेल्या काड्या काही रात्री गवतावर दवात टाकायच्या, मग उन्हात वाळवायच्या.

नंतर लांबट, उथळ भांड्यात चरबी वितळवून काड्या त्यातून ओढायच्या आणि झाडाच्या सालीवर आडव्या ठेवून थंड करायच्या. डुकराचं मांस उकळताना वर येणारी चरबी गृहिणी साठवून ठेवायची, ती इथे वापरली जाई. त्यात थोडं मधमाशीचं मेण किंवा मेंढीची चरबी मिसळली की काडी हाताला चिकटत नाही आणि जास्त वेळ जळते.

व्हाइटने एक पौंड वाळलेल्या काड्या मोजल्या तर त्या १,६००हून अधिक भरल्या. त्यांना सहा पौंड चरबी लागते. सुमारे ७२ सेंटीमीटरची एक चांगली काडी ५७ मिनिटं जळली. हा आकडा मला फार बोलका वाटतो. एका काडीत एक तासाचं विणकाम किंवा शिवण. घरातलं काम काड्यांत मोजायचं आणि काडी संपली की झोपायचं.

काडी धरायला लोखंडी चिमटा असे. त्यात ती तिरपी धरायची, ४५ अंशांच्या आसपास. उभी धरली तर मंद जळते, आडवी धरली तर भराभर जळून चरबी टपकते. पाच-दहा मिनिटांनी काडी वर सरकवावी लागते, म्हणून खाली कापड अंथरून ठेवा.

तुमच्याकडे योग्य लव्हाळा नसेल तर थेट मेणबत्तीकडे वळा. तागाचा किंवा सुताचा पिळलेला दोरा घ्या, विणलेला नको. उंच, अरुंद डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून त्यात चरबी वितळवा. एका काठीला पाच-सहा वाती लटकवून पहिल्यांदा मिनिटभर बुडवून ठेवा, म्हणजे दोऱ्यात चरबी मुरेल. बाहेर काढून ताणून सरळ करा. त्यानंतर बुडवणं झटपट: आत, बाहेर, थंड होऊ द्या, पुन्हा आत. चरबी फार गरम असेल तर आधीचा थर वितळून जाड होण्याऐवजी बारीक होईल. पृष्ठभागावर कडेने साय धरू लागली की तापमान बरोबर आहे असं समजा. वीस-पंचवीस बुडव्यांत अंगठ्याएवढी जाडी येते. हे डिसेंबर-जानेवारीत करा. विदर्भातल्या मे महिन्यात ही मेणबत्ती उभीसुद्धा राहणार नाही.

जळताना तिला सोडून उठू नका. पिळलेल्या वातीचं जळकं टोक ज्योतीतून बाहेर वळत नाही. ते लांबत जातं, धूर होतो आणि चरबी ओघळते. त्यामुळे दर काही मिनिटांनी वात कात्रीने छाटावी लागे. स्वतःहून वळून जळून जाणारी विणलेली वात १८२५च्या सुमारास फ्रान्समध्ये आली. तोवर चरबीच्या मेणबत्तीपाशी बसलेल्या माणसाचं अर्धं लक्ष कात्रीकडे.

चर्चच्या वेदीवर मात्र ही मेणबत्ती चालत नसे. तिथे मधमाशीचं मेणच लागे, आणि ते कित्येक पटींनी महाग. लंडनमध्ये या दोन मालांचे कारागीर संघही वेगळे होते. चरबीवाल्यांना १४६२ मध्ये राजा चौथ्या एडवर्डने सनद दिली, मेणवाल्यांना १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डने. चरबीवाल्यांच्या अखत्यारीत मेणबत्तीखेरीज तेलं, मलमं आणि वंगणंही येत. पॅरिसमध्ये तर १३व्या शतकातच, एत्येन ब्वालो याने शहरातल्या धंद्यांचे नियम लिहवून घेतले तेव्हा त्यांत चरबीच्या मेणबत्त्या करणाऱ्यांचं स्वतंत्र प्रकरण होतं. मुख्य काळजी भेसळीची. कडक चरबीत स्वस्त, मऊ चरबी मिसळली की गिऱ्हाइकाला घरी जाऊन पेटवल्याशिवाय कळत नाही.

मोठ्या इमारतींत तिसरा मार्गही होता: दगडात वाट्यांसारखे खळगे कोरायचे, त्यांत चरबी आणि वात. वेल्समधल्या ब्रेकन कॅथेड्रलमध्ये असा एक दगड आजही आहे. त्यात ३० खळगे आहेत.

साबण

चरबी आणि क्षार एकत्र शिजवले की साबण होतो. क्षार मिळे राखेतून. ओक, बीच अशा कठीण लाकडाची राख पेंढा घातलेल्या पिंपात भरायची, वरून पाणी सोडायचं, खालून झिरपणारी तपकिरी निवळी गोळा करायची आणि तीच पुन्हा नव्या राखेवर ओतायची. निवळीचा जोर बघायची जुनी खूण म्हणजे अंडं. ते तरंगलं आणि नाण्याएवढा भाग वर राहिला की निवळी तयार.

नुसत्या राखेत मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतं, आणि ते चरबीशी फार सावकाश झगडतं. चुनखडी भाजून केलेला कळीचा चुना राखेत मिसळला की खरा दाहक क्षार तयार होतो. राखेतल्या या क्षाराचा, म्हणजे पोटॅशचा साबण घट्ट वडी होत नाही. तो मऊ, बुळबुळीत, करडा किंवा काळसर राहतो आणि पिंपांतून विकला जातो. उत्तर युरोपचा साबण बहुतांशी असाच. दक्षिणेत ऑलिव्ह तेल आणि समुद्रकाठच्या वनस्पतींच्या राखेतला सोडा वापरून घट्ट वड्या होत, आणि त्या अंगाला लावायला श्रीमंत मागवत. चरबीचा मऊ साबण लोकर धुण्यासाठी आणि कपड्यांसाठी. इंग्लंडमधलं ब्रिस्टल शहर या धंद्यासाठी इतकं बदनाम होतं की तिथे साबणवाला नसलेला किंवा कधीकाळी नव्हता असा माणूसच सापडत नाही, असा टोमणा १२व्या शतकाच्या अखेरीस डिव्हाइझेसच्या रिचर्ड या बखरकाराने मारला आहे.

घरी करताना राखेच्या निवळीवर अवलंबून राहू नका. तिचा जोर दर वेळी बदलतो, आणि फसलेला साबण कातडी जाळतो. मोजून करायचा तर मेंढीची किंवा बोकडाची ५०० ग्रॅम स्वच्छ चरबी, ६५ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि १७० मिलिलिटर पाणी घ्या. यातला क्षार आधुनिक आहे, चरबी तीच. हातमोजे आणि चष्मा घाला, मुलांना दूर ठेवा. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. अॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही, स्टीलचं घ्या. द्रावण आणि वितळलेली चरबी दोन्ही कोमट झाली की एकत्र करून ढवळा. चमच्याने ओढलेली रेघ वर टिकू लागली की साच्यात ओता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातमोजे घालूनच वड्या कापा आणि चार ते सहा आठवडे वाऱ्यावर ठेवा. त्याआधी वापरू नका.

चामडं

झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं वाळलं की लाकडासारखं ताठ होतं. त्याला मऊ करणाऱ्यांचा युरोपात वेगळाच धंदा होता. कातडं कमावणारा एक आणि ते चरबी जिरवून वापरण्याजोगं करणारा दुसरा. त्यांचं गुपित ओलाव्यात होतं. कोरड्या चामड्याला चरबी लावली तर ती वरच बसते. दमट चामड्याला कोमट चरबी आणि माशाचं तेल चोळून सावकाश वाळवलं की पाणी बाहेर पडत जातं आणि त्याच्या जागी स्निग्धांश आत शिरतो.

करून पाहायचं तर दोन भाग कढवलेली चरबी आणि एक भाग कॉड माशाचं तेल मंद आचेवर एकत्र करा. पावसाळी बूट हवे असतील तर चमचाभर मेण घाला. जुना पट्टा किंवा बूट ओल्या फडक्याने पुसून दमट करा, हाताने मिश्रण चोळा, रात्रभर सावलीत ठेवा, सकाळी उरलेलं पुसून टाका. उन्हात ठेवू नका. कोल्हापुरी चपलेचं चामडंही वनस्पतीजन्य पदार्थांत कमावलेलं असतं, आणि नव्या चपलेला आपल्याकडे तेल पाजतात ते याच कारणाने. तिच्यावर हा प्रयोग चालेल, पण रंग गडद होईल.

स्वयंपाकघर आणि औषधाची पेटी

इंग्लंडमध्ये राजा दुसऱ्या रिचर्डच्या मुदपाकखान्यातून १३९०च्या सुमारास आलेल्या पाककृतींत ‘पांढरी चरबी’ वारंवार येते. ती तळायला लागे. हरणासारख्या कोरड्या मांसात सुईने डुकराच्या चरबीचे दोर ओवत, म्हणजे भाजताना ते आतून ओलं राही. शिजवलेलं मांस मडक्यात दाबून वरून वितळलेल्या चरबीचा जाड थर दिला की हवा लागत नसे आणि हिवाळाभर चाले. फ्रान्सच्या नैऋत्येला बदकाचं मांस अजून असंच ठेवतात.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासाच्या चाळीस दिवसांत मात्र चरबी बंद, आणि पुष्कळ ठिकाणी लोणीही. ऑलिव्ह तेल न मिळणाऱ्या उत्तरेत हे अवघड जाई. मग चर्चला पैसे भरून लोण्याची सूट मिळवायची. फ्रान्समधल्या रुआँच्या कॅथेड्रलचा, १५०६च्या सुमारास पुरा झालेला ‘लोण्याचा मनोरा’ अशाच पैशांतून उभा राहिला, असं मानलं जातं.

औषधात चरबीचं काम वनस्पतींचा गुण धरून ठेवण्याचं. वसंतात पॉपलरच्या चिकट कळ्या खुडून डुकराच्या चरबीत कुटून ठेवत, नंतर इतर पाला मिळाला की एकत्र तापवून गाळत. हे हिरवट मलम दाह आणि दुखण्यावर चोळलं जाई. करून पाहिलंत तरी उघड्या जखमेला लावू नका.

गाडी, जहाज आणि एक किल्ला

वंगणासाठी कुणी चांगली चरबी वाया घालवत नसे. खवट, करपलेली, मेणबत्तीच्या भांड्याच्या तळाची, ती लाकडी आसाला. मेंढ्यांच्या खरजेवरही चरबीत डांबर कालवून लावत.

जहाजावर तिचा एक सुंदर उपयोग होता. खोली मोजायच्या शिशाच्या वजनाच्या तळाशी खळगा असे. त्यात चरबी भरून दोरीने वजन तळापर्यंत सोडायचं. वर ओढलं की चरबीला वाळू, शिंपले किंवा चिखल चिकटलेला दिसे. धुक्यात किनारा दिसत नसला तरी मुरलेला खलाशी त्या कणांवरून आपण कुठे आहोत ते ओळखे. १५व्या शतकातल्या इंग्लिश नौकानयनाच्या सूचनांत समुद्रतळाच्या रंगाची आणि पोताची वर्णनं आहेत, ती यासाठीच.

आणि १२१५ साली इंग्लंडच्या राजा जॉनने रोचेस्टरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा त्याच्या माणसांनी बुरुजाखाली भुयार खणून लाकडी टेकू लावले. टेकू जळले की बुरुज कोसळणार. नोव्हेंबरच्या २५ तारखेला राजाने हुकूम धाडला: सर्वांत लठ्ठ आणि खायला सर्वांत कमी लायक अशी चाळीस डुकरं रात्रंदिवस घाई करून पाठवा. ती आली, चरबीने आग भडकली आणि दक्षिण-पूर्वेचा कोपरा खाली आला. पुढे तो कोपरा पुन्हा बांधला तेव्हा गोल बांधला. म्हणून आज किल्ल्याचे तीन कोपरे चौकोनी आहेत आणि एक गोल.